थोरलीची डिस्क

"अडलं ना पुन्हा?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"नाही. चाललंय," डॉक्टरीण म्हणाली.

चाललेलं काहीच नव्हतं. पडद्यावरचे पांढरे ठिपके एकामागून एक गोल फिरत होते, ते फिरता फिरता जागीच थिजले होते. खाली आकडा होता, अठ्ठावीस टक्के. मघाच्या खेपेलाही तो अठ्ठावीसवरच थांबला होता आणि त्याच्या आधीच्या खेपेलाही. माउस हलवला तर बाण हलेना. तिने बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं.

"मग बंद का केलंस?"

सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू यायचं, पण डोळे घारीचे होते.

"थंड होऊ दे जरा."

"थोरली कधी असं यंत्र फाडून बसली नाही बाई. तिच्या हाताखाली कसं आपोआप चालायचं."

"आपोआप नव्हतं चालत, आई. मी येऊन चालू करून द्यायचे."

"तेच म्हणते मी. तिला स्वतःला कधी हात काळे करावे लागले नाहीत."

डॉक्टरणीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि उघड्या डब्यात पुन्हा डोकं घातलं.

खरं तर ती डॉक्टर नव्हती. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई होती. त्या काळी घराघरांत टेबलावर एक डबा आणि टेबलाखाली एक डबा असा संसार असे, आणि तो बिघडला की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखी धावपळ होई. अख्खं जग फोनमध्ये मावायला अजून अवकाश होता. दुरुस्तीला बाई येते याचंही लोकांना नवल वाटायचं. दार उघडल्यावर तिच्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते आधी बघायचे. थोरलीने मात्र तसं कधी केलं नाही. थोरली म्हणजे या घरातली पहिली सून, शाळेत भूगोल शिकवणारी. ती दारातच हात धरून आत ओढायची. "आल्या का आमच्या डॉक्टरीणबाई! बघा हो, पेशंट सकाळपासून डोळे उघडत नाही."

नाव तेव्हाच चिकटलं. पुढे थोरली आजारी पडली आणि गेली. दोनेक वर्षांनी ही त्याच घरात लग्न होऊन आली, तरी नाव तेच राहिलं. नवरा थोरलीचा, मुलगी थोरलीची, स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी थोरलीची, हे सगळं तिने समजून उमजून पत्करलं होतं. पण आपल्याला मारायची हाकसुद्धा थोरलीनेच ठेवलेली असावी, हे मात्र अजूनही कुसळासारखं टोचायचं.

आणि थोरली म्हणायची तरी कशाला? ती गेली तेव्हा छत्तीसची होती आणि छत्तीसचीच राहिली. हिने पन्नाशी ओलांडली. कानामागचे केस पिकले, बोटांवर सोल्डरचे डाग कायमचे बसले, चष्म्याचा नंबर वाढला. थोरली भिंतीवरच्या चौकटीत हसत होती आणि दरवर्षी हिच्याहून थोडी थोडी लहान होत चालली होती. जिवंत सवत असती तर एखाद्या दिवशी कडाकडा भांडून मोकळं तरी होता आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं?

सकाळी नवरा निघताना जे बोलला, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तो एका ग्रंथालयात ग्रंथपाल होता. शर्टाच्या खिशात पेन अडकवता अडकवता त्याने टेबलाकडे बघितलं होतं. जुन्या डिस्कवरून मशीन सुरू होईना, म्हणून ती आज नवी बसवणार होती.

"जुन्या डिस्कला हात लावू नकोस हं."

"अहो, नवी बसवायची तर जुनी आधी बाहेर काढतात. रीतच आहे ती."

"आत दोन बसतात ना? तूच म्हणाली होतीस."

"बसतात. पण..."

"मग बसू दे की. आहे तिथे राहू दे. वस्तू जागची हलली की गेली. मी रोज बघतो, पुस्तक एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेलं की संपलं."

"पुस्तक वेगळं, डिस्क वेगळी."

"आणि त्या वकिलांची डिस्क? काढताना चांगली होती, लावताना गेली. तुझ्याच दुकानातली गोष्ट."

"ती भोंग्याने पाडली होती!" भोंग्या म्हणजे तिचा दुकानातला भागीदार.

"तेच तर म्हणतोय. हात लागला." तो चप्पल घालायला वाकला. मग वर न बघताच म्हणाला, "बबडीला मी शब्द दिलाय गं."

बबडी त्याची लेक. आता चांगली बाप्याएवढी उंच, दुसऱ्या गावात नोकरी करणारी, पण घरात बबडीच. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि आज संध्याकाळच्या गाडीने ती बाळाला घेऊन येणार होती. येण्याचं कारण त्या जुन्या डिस्कमध्ये होतं. बबडी लहान असताना थोरलीला शाळेतून यायला उशीर व्हायचा. पोरगी आईशिवाय जेवेना, म्हणून थोरली आदल्या दिवशी तिच्यासाठी गोष्टी सांगून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायची. आजी बटण दाबायची, आईचा आवाज यायचा आणि पोरगी तोंड उघडायची. तो आवाज बबडीला आता आपल्या बाळासाठी हवा होता.

आणि त्याच डिस्कमध्ये नवऱ्याचे आणि थोरलीचे फोटो होते. आवाज त्याने थोरली गेल्यापासून एकदाही लावला नव्हता. सोसवत नाही म्हणायचा. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की तो टेबलाशी जाऊन बसायचा आणि एकेक फोटो बघायचा. दार लावून घ्यायचा नाही, चोरून करायचा नाही, फक्त पाठमोरा बसायचा. डॉक्टरीण स्वयंपाकघरात भांडी आवरताना ती पाठ बघायची. त्या पाठीशी तिचं इतक्या वर्षांचं वैर होतं.

गिऱ्हाइकांना ती ओरडून सांगायची, "एक प्रत दुसरीकडे ठेवत जा, डिस्कचा काही नेम नाही." घरातल्या त्या फोटोंची मात्र दुसरी प्रत नव्हती. एका दुपारचं काम होतं. त्याने कधी मागितली नाही आणि आपण होऊन पुढे करायचा तिचा जीव झाला नाही. आपल्या हाताने सवतीची मूर्ती घडवून देवघरात ठेवायची, एवढं मोठं मन तिला मिळालेलं नव्हतं.

"बरं," ती सकाळी म्हणाली होती. "नाही लावत हात."

आणि आता दुपार कलली तरी अठ्ठावीसच्या पुढे गाडी जाईना. तिने पेन ड्राइव्ह बदलला. त्यावरची विंडोज नव्याने भरून घेतली. केबल बदलली. रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, एकेक लावून पाहिली. नवी डिस्क पुन्हा एकदा साफ केली. दर खेपेला मशीन गुणी बाळासारखं सुरू व्हायचं, निळा पडदा, पांढरे ठिपके, पाच टक्के, बारा, वीस, आणि अठ्ठावीसला आलं की डोळे फिरवायचं.

शेवटी तिने दुकानात फोन लावला. दुकान तिचं आणि भोंग्याचं भागीत होतं. माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. त्याच्याशी फोनवर बोलताना रिसीव्हर वीतभर लांब धरावा लागे.

"बोला बाई! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. घरचं मशीन. अठ्ठावीसवर अडतंय."

"पेन ड्राइव्ह?"

"बदलला."

"रॅम?"

"पाहिली."

"केबल?"

"अरे, मी शिकवलंय तुला हे सगळं. मला काय परीक्षा घेतोस?"

"मग फोन कशाला केलास? माझा गोड गळा ऐकायला?" तो खो खो हसला. "बरं, जुनी डिस्क काढलीस ना बाहेर?"

दुकानाच्या भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने लाल शाईत लिहून लावलं होतं, नवी बसवण्याआधी जुनी बाहेर. त्याच्याकडे बोट दाखवून तिने किती शिकाऊ पोरांना झापलं होतं.

"काढली," ती म्हणाली.

"मग मदरबोर्ड गेला. फुंकून टाक. किंवा घेऊन ये इकडे, दोघं मिळून रडू."

तिने फोन ठेवला. धंद्याच्या बाबतीत ती भोंग्याशी कधी खोटं बोलली नव्हती. आज का बोलली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाही काढली म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग काढ. आणि मग काढावी लागली असती.

खरं सांगायचं तर दुसऱ्या खेपेलाच तिच्या लक्षात आलं होतं. विंडोज बसताना आतल्या प्रत्येक डिस्कला हाक मारून बघते. नवी डिस्क लगेच ओ देत होती. जुनी आजारी होती. तिच्याकडून उत्तर येईना, आणि उत्तर येत नाही तोवर सगळं खोळंबून राहत होतं. बाकी केबल, रॅम वगैरे सगळी हातचलाखी होती, स्वतःचीच नजर चुकवायची.

आणि तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की ती म्हातारी डिस्क प्रत्येक वेळी नव्याने धडपडून उठत होती. आतला काटा जागा शोधताना आपटत होता. टक्. टक्. एकेका खेपेबरोबर तिचं आयुष्य कमी होत होतं.

तिने पुन्हा बटण दाबलं.

संध्याकाळचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. "अहो, मी हातसुद्धा लावला नाही. तुम्हीच म्हणालात ना?" त्यावर त्याचं तोंड कसं होईल तेही तिने मनात बघून घेतलं होतं. पुढचे रविवार दिसत होते. टेबलापाशी कुणी पाठमोरं बसलेलं नाही. नवरा खिडकीत बसून पेपर वाचतोय, मधेच मान वळवून काहीतरी बोलतोय तिच्याशी. त्या चित्राला अशी काही गोडी होती की तिला स्वतःचीच भीती वाटली. पण बटणावरचं बोट तिने मागे घेतलं नाही. बबडीचा विचार आला की ती रॅमची पट्टी काढून पुसायला घ्यायची.

ठिपके फिरू लागले. पाच. बारा. वीस.

सासूबाईंचा डोळा लागला होता. त्या अचानक उठून बसल्या.

"अगं, दार उघड. केव्हाची टकटक चाललीय."

"कोणी नाही, आई."

"मला ठार बहिरी समजू नकोस. या कानाने येतं ऐकू. कुणीतरी ताटकळलंय बाहेर."

"आई, मशीनचा आवाज आहे तो."

"मशीनचा असा असतो होय? थोडं वाजवते, थांबते, पुन्हा वाजवते. हाक मारायचं त्राण नसेल बिचारीत." त्यांनी पाय खाली सोडले. "तुला उठवत नसेल तर मी उघडते. पडले तर पडले."

पडल्या असत्या खरंच. डॉक्टरीण उठली आणि म्हातारीच्या समाधानासाठी दार उघडून उभी राहिली. बाहेर जिना रिकामा. शेजारणीने कठड्यावर फडकं वाळत टाकलं होतं, त्यातून एकेक थेंब गळत होता. तिने दार लावलं. खोलीत शिरताना मात्र तो आवाज तिला जसा सासूबाईंना ऐकू येत होता तसाच ऐकू आला. टक्. थोडं थांबून, टक्, टक्. कुणीतरी दाराशी उभं आहे, आत घ्या म्हणतंय, आणि घरातलं माणूस ऐकू येत असून उठत नाही.

तिने बटणबिटण काही बघितलं नाही. सरळ भिंतीतला प्लगच उपटला.

"गेली का?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण?"

"आली होती ती."

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आहे अजून."

मग तिने वेळ घालवला नाही. जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या, स्क्रू सोडवले आणि डिस्क हळूच बाहेर ओढून घेतली. ती तापलेल्या कपाळासारखी गरम होती. तिने ती सुती फडक्यावर खिडकीपाशी, वारा लागेल अशी ठेवली. मशीन सुरू केलं. पाच, बारा, वीस. अठ्ठावीस आले आणि गेले. चाळीस. साठ. न अडखळता, न रखडता. एवढं सोपं होतं हे बघून तिला मशीनचाच राग आला. अर्ध्या दिवसात एकदाही जुमानलं नाही आणि आता बघा कसं लाडात आलंय.

नवी विंडोज बसली. पडदा कोरा करकरीत, त्यावर एकही खूण नाही. आता खरं काम.

अशी डिस्क एकदाच संधी देते, हे तिला अनुभवाने माहीत होतं. निवल्यावर तिने ती बाहेरून एका वेगळ्या वायरीने जोडली. डिस्क कुरकुरली, घरघरली आणि उघडली. आत थोरलीचे तीन कप्पे होते. गोष्टी. शाळा. आम्ही दोघं.

गोष्टी आधी. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. मधे थांबली, डॉक्टरीणही थांबली. पुन्हा सरकली. तासाभराने सगळ्या गोष्टी नव्या डिस्कवर आल्या. खात्री करायला तिने एक लावून बघितली.

"बबडे, तोंडात घास आहे ना? मग ऐक हं..."

तिने झटकन बंद केली. किती वर्षांनी आला तो आवाज, आणि अजिबात म्हातारा झालेला नव्हता.

मग बाण तिसऱ्या कप्प्यावर गेला. नुसतं बघायचं, ती मनात म्हणाली. आम्ही दोघं. छोटी छोटी चित्रं उमटली. पहिल्याच फोटोत नवरा कुठल्याशा तळ्यात पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि अंगात लालभडक शर्ट होता. लाल! गेली इतकी वर्षं ती त्याच्याबरोबर कापडाच्या दुकानात जात होती. त्याचं एकच, "राखाडी बरा. मला भडक नको वाटतं." त्याचा स्वभावच तसा, असं ती धरून चालली होती. आणि इथे हा माणूस जास्वंदीसारखा लाल होऊन, एक हात थोरलीच्या डोक्यावर ठेवून उभा होता, जणू ती नसती तर तो तळ्यात बुडाला असता.

डॉक्टरणीने कप्पा मिटला. आणि शाळा उचलली.

शाळेत होतं काय? सातवीच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिका. तेव्हाची सातवी आता नोकरीधंद्याला लागली होती. पण फायली लहान होत्या, आणि मरणाऱ्या डिस्कमधून लहान फायली आधी काढतात. दुकानात ती स्वतः हेच सांगायची. भोंग्यानेही हेच केलं असतं. तिने हे मनात दोनदा म्हणून घेतलं.

प्रश्नपत्रिका काही लहान निघाल्या नाहीत. थोरलीने नकाशे काढून त्यात चिकटवले होते. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, प्रत्येक नकाशा स्वतःच्या हाताचा. पट्टी रखडली. पाऊण झाल्यावर टकटक सुरू झाली. डॉक्टरणीला ती तिथेच थांबवून फोटोंकडे वळता आलं असतं. तिने थांबवली नाही. अखेर सगळे नकाशे आले.

मग तिने आम्ही दोघं उचललं आणि नव्या डिस्कवर सोडलं. पट्टी उमटलीच नाही. आतून टक्, टक्, मग एक लांब घरघर, आणि मग काही नाही.

तिने डिस्क निववली. उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली. वायर बदलली. कानाशी लावली. या खेपेला तिने काहीही बाकी ठेवलं नाही, जे जे येत होतं ते सगळं केलं. मेलेली डिस्क हातात घेतली की कळते. नुसतं वजन उरतं.

दिवेलागणीला बबडी आली. तिचा बाप स्टँडवर जाऊन तिला घेऊन आला होता. त्याच्या खांद्याला बाळाची झोळी, हातात दुपटी, आणि बबडी मागून, "अहो बाबा, सरळ चाला, पोरीला गुंडी लागतेय," म्हणत.

आजीने पणतीला मांडीवर घेतलं, नाक कुणाचं, हनुवटी कुणाची याचा निवाडा केला आणि सगळं थोरलीचं म्हणून टाकलं. मग बबडी वळली.

"मावशी, आलं?"

"आलं. सगळ्या गोष्टी आल्या."

"खरंच? एकूण एक?"

"एकूण एक."

बबडीने तिला घट्ट मिठी मारली. उंच पोरगी, डॉक्टरणीचं तोंड तिच्या खांद्यात दबलं. तिचे स्वतःचे हात मात्र लोंबते राहिले. ते वर न्यावेत असं तिला वाटेना. "मला माहीत होतं," बबडी म्हणत होती, "तू असल्यावर काय जातंय!" आणि ती बाळाला उचलून, छोटा स्पीकर घेऊन बाहेरच्या खोलीत गेलीसुद्धा.

नवरा टेबलापाशी उभा होता. त्याला डब्याच्या बाहेर, फडक्यावर ठेवलेली डिस्क दिसली होती.

"हात लावलास."

"लावला. नसता लावला तर गोष्टीही गेल्या असत्या."

"आणि बाकीचं?"

"शाळेचे पेपर आले."

"फोटो?"

तिने मान हलवली.

त्याने डिस्क उचलली, उलटी केली, पुस्तकाची पाठ वाचावी तशी त्यावरची चिठ्ठी वाचली. मग हळूच विचारलं, "पेपर आधी घेतलेस?"

"हो."

आयुष्यभर त्याने ग्रंथालयात हेच केलं होतं. कशाच्या आधी काय आणि कशाच्या नंतर काय. लहान फायली आधी घेतात, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. खरंही होतं. तिने ते गिळलं.

"कसले पेपर?" तो म्हणाला.

"भूगोल. सातवीचा."

"नकाशे असतील त्यात."

"आहेत. तिच्या हातचे."

त्याने मान डोलावली. ती वळून डब्याचं झाकण लावायला बसली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. बाहेर बबडीने गोष्ट लावली. थोरली बोलू लागली. एक शेळी होती, ती शाळेत शिरली आणि तिने फळ्यावरचा सगळा नकाशा खाऊन टाकला. मग काय झालं? मग सगळ्या नद्या तिच्या पोटात वाहायला लागल्या. शेळी चालली की खळखळ, शेळी बसली की डबकं...

आणि मधेच, त्या आवाजाच्या मागे, कुणीतरी हसलं. साधं हसणं नाही. पोट धरून, ठसका लागेपर्यंत, भांडं पडल्यासारखं मोठ्याने.

"अहो, हसू नका ना!" थोरली ओरडली. "सगळं आत जातंय!" आणि मग तीही हसायला लागली, आणि गोष्ट तशीच राहिली.

नवरा दारात जाऊन उभा राहिला होता. डिस्क अजून त्याच्या हातातच होती.

"हे कोण हसतंय?" त्याने विचारलं.

बबडी बापाकडे बघत राहिली. तिलाही सांगता येईना. ती तेव्हा घास खाण्याएवढी होती. आजीचा चांगला कान नेमका भिंतीकडे होता.

"तुम्ही," डॉक्टरीण आतून म्हणाली.

"छे."

"तुम्हीच."

"मी असा हसायचो?"

"हो," ती म्हणाली. "मी टेबलाखाली असायचे तेव्हा. वायरी लावताना ऐकू यायचं."

तो वळला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत तिच्याकडे तो असा कधी बघत राहिला नव्हता. मग त्याने मान फिरवली आणि लेकीला म्हणाला, "पुन्हा लाव बघू ते."

बबडीने गोष्ट मागे नेली. शेळी पुन्हा शाळेत शिरली. झाकणाचा एक स्क्रू बसायचा राहिला होता. तो फिरवताना करकर वाजला असता, म्हणून डॉक्टरणीने तो मुठीत धरला आणि हसणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.